हळदीचे औषध अडते कुठे?

प्रश्न : मी मिरजेला राहतो. सांगलीच्या हळदीच्या वासात आयुष्य गेले. गुडघे दुखतात म्हणून न्यू जर्सीच्या मुलीने हळदीच्या कॅप्सूलची बाटली पाठवली आहे. तिच्यावर ‘९५ टक्के कर्क्युमिनॉइड, पिपेरिनसह’ असे छापलेले आहे. पत्नी म्हणते, रोज रात्री हळद-दूध घेताच की, मग हे कशाला? मुलगी म्हणते, दुधातली हळद ‘शुद्ध’ नसते. इकडे वर्तमानपत्रात वाचले की शास्त्रज्ञ कर्क्युमिनपासून नवी संयुगे तयार करून त्यांची औषधे करू पाहत आहेत. माझी शंका अशी : हळद एवढी गुणकारी, त्यातले कर्क्युमिन शुद्धही करता येते, मग डॉक्टर ते चिठ्ठीवर का लिहीत नाहीत? मूळ पदार्थ चांगला असताना त्यात फेरफार कशाला? आणि हळदीचे पेटंट तर आपण हाणून पाडले होते ना, मग ही नवी पेटंटे कशी मिळतात?

उत्तर : हळदीच्या पेठेशेजारी राहणाऱ्याला ही शंका यावी हे अगदी साहजिक आहे. गुण आहे, तो कशात आहे हे ठाऊक आहे, तो भाग वेगळाही काढता येतो, मग घोडे पेंड कुठे खाते? ते खाते हळद पोटात गेल्यानंतर. पण तिथवर जाण्याआधी घरातला वाद मिटवू, कारण तुम्ही तिघे एकाच नावाच्या दोन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलत आहात.

बाजारातल्या हळद पुडीत कर्क्युमिन आणि त्याची जवळची संयुगे मिळून वजनाच्या साधारण दोन ते पाच टक्के भरतात. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची हळद किंवा मेघालयातली लाकाडोंग यांत हे प्रमाण बरेच जास्त असते, म्हणून अर्क काढणारे कारखाने त्यांच्या मागे असतात. आपण तीन टक्के धरून हिशेब करू. पेलाभर दुधात अर्धा चमचा, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम हळद पडली, तर त्यात कर्क्युमिन ४५ मिलिग्रॅम. ज्या चाचण्यांच्या बातम्या आपण वाचतो त्यांत रुग्णांना बहुधा दिवसाला दीड-दोन ग्रॅम अर्क दिलेला असतो. दोन ग्रॅम कर्क्युमिन दुधातूनच मिळवायचे म्हटले तर रोज पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद प्यावी लागेल. ‘पी हळद आणि हो गोरी’ म्हणणाऱ्यांनीही एवढ्या मापाची कल्पना केली नसेल.

तेव्हा पत्नीच्या हातचे दूध हा आहार आहे आणि मुलीची कॅप्सूल हा कारखान्यात काढलेला अर्क. एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू करता येत नाही, फायद्याच्या बाबतीत नाही आणि धोक्याच्या बाबतीत तर मुळीच नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

शुद्ध म्हणजे किती शुद्ध?

हळकुंडे दळून ती भुकटी ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट किंवा अल्कोहोल अशा द्रावकात मुरवतात. द्रावक उडवून लावला की खाली दाट, चिकट, तपकिरी-केशरी अर्क उरतो. धंद्यात त्याला ओलिओरेझिन म्हणतात. हळदीला वास देणारे तेल याच्यातच असते. तो अर्क योग्य द्रावकात घेऊन थंड होऊ दिला की पिवळे-नारिंगी स्फटिक सुटतात. ते गाळून, धुऊन, वाळवले की ९५ टक्क्यांचा माल तयार होतो.

मात्र या ९५ टक्क्यांतही एकच पदार्थ नसतो. त्यात तीन संयुगे असतात : सुमारे तीन चतुर्थांश कर्क्युमिन, त्याखालोखाल डीमिथॉक्सीकर्क्युमिन आणि थोडेसे बिसडीमिथॉक्सीकर्क्युमिन. पूरक आहार म्हणून विकायला एवढे चालते. औषध म्हणून विकायचे तर नेमका कोणता रेणू किती आहे, उरलेली अशुद्धी कोणती, द्रावकाचा अंश किती, शिसे किती, हे दर खेपेला मोजून दाखवावे लागते आणि प्रत्येक खेप आधीच्या खेपेसारखी निघावी लागते. शेतातल्या मालाबाबत हे सोपे नाही. राजापुरी आणि सेलम या वाणांत फरक असतो, तसा एकाच रानातल्या दोन सालांच्या पिकांतही असतो.

तरीही शुद्धीकरण हे अवघड नाही, खर्चिक आहे. फोगेल आणि पेल्तिए या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी हळदीतला पिवळा पदार्थ १८१५ सालीच वेगळा केला होता. त्याची रचना १९१० मध्ये कळली आणि १९१३ मध्ये तो हळदीशिवाय, प्रयोगशाळेत बनवूनही झाला. अडचण फक्त शुद्धतेची असती तर आपल्या आजोबांच्या काळातच हळदीची गोळी औषधांच्या दुकानात आली असती.

डागाची साक्ष

खरी अडचण बघायला प्रयोगशाळेत जायला नको. पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडले की पिवळा डाग पडतो. नुसत्या पाण्याने तो हटत नाही. साबण चोळला की लाल होतो, आणि नवखा माणूस घाबरतो. साबण खळबळून काढला की पुन्हा पिवळा. मग सदरा कडक उन्हात टाकला की दोन-तीन दिवसांत डाग विरत जातो.

यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. पाण्याने डाग निघत नाही, कारण कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. साबण अल्कधर्मी असतो. तो कर्क्युमिनच्या रेणूतला हायड्रोजन ओढून घेतो, त्यामुळे रेणू प्रकाश वेगळ्या रीतीने शोषू लागतो आणि लाल दिसतो. चुन्याची निवळी घालून हळदीचे कुंकू करतात ते याच गुणावर. आणि उन्हात डाग जातो, कारण प्रकाशाने हा रेणू चक्क मोडतो.

म्हणजे पाण्यात विरघळत नाही, अल्कलीत पालटतो, उजेडात मोडतो, असा हा गडी. आता याच गड्याला तोंडावाटे पोटात, पोटातून रक्तात आणि रक्तातून गुडघ्यापर्यंत पाठवायचे आहे.

कर्क्युमिनच्या रेणूची ठेवण सांगितली तर पुढचे समजायला सोपे जाईल. दोन टोकांना कार्बन अणूंची एकेक षट्कोनी कडी, आणि त्या दोन कड्यांना जोडणारी सात कार्बनची साखळी. साखळीच्या मध्यभागी दोन ऑक्सिजन जवळजवळ बसलेले. टोकाच्या प्रत्येक कडीवर एकेक हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. पैकी मधली साखळी अस्थिर आहे. शरीराच्या तापमानाच्या, रक्ताइतक्याच अल्कधर्मी द्रावणात नुसते कर्क्युमिन सोडले तर अर्ध्या तासात त्याचा सुमारे ९० टक्के भाग मोडतो. मोडून जे तुकडे होतात त्यांत व्हॅनिलिनही असते, म्हणजे व्हॅनिला आइस्क्रीमला वास देणारा पदार्थ. जठरातल्या आम्लात कर्क्युमिन त्यामानाने टिकते, पण आतड्यातून फारसे शोषले जात नाही. बहुतेक भाग आला तसा बाहेर पडतो.

जो थोडा आत शिरतो त्याला यकृत गाठते. यकृताचे काम जकात नाक्यासारखे. बाहेरून आलेल्या प्रत्येक मालावर शिक्का मारायचा आणि त्याला पुढच्या वाटेला लावायचे. कर्क्युमिनच्या टोकांवरचे हायड्रॉक्सिल गट म्हणजे शिक्का मारायला आयती जागा. तिथे ग्लुक्युरॉनिक आम्ल किंवा सल्फेट चिकटवले की तो रेणू पाण्यात विरघळू लागतो आणि शरीर त्याला बाहेर टाकते. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४ निरोगी माणसांना एकाच वेळी अर्ध्या ग्रॅमपासून १२ ग्रॅमपर्यंत वेगवेगळ्या मात्रा दिल्या होत्या. रक्तात कर्क्युमिन सापडले ते फक्त दोघांच्या, दहा आणि बारा ग्रॅम घेतलेल्यांच्या, आणि तेही किरकोळ.

मिऱ्याचे २००० टक्के

तुमच्या बाटलीवरचे पिपेरिन इथे येते. पिपेरिन हा मिऱ्याचा तिखट अंश. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरिन दिले तर माणसाच्या रक्तात पोचणारे कर्क्युमिन २००० टक्क्यांनी वाढते. जाहिरातींना हा आकडा म्हणजे पर्वणी. पण कशाच्या २००० टक्के हे जाहिरात सांगत नाही. त्या अभ्यासात नुसते कर्क्युमिन दिल्यावर रक्तात ते जवळजवळ मोजताच येत नव्हते. जवळपास शून्याची वीसपट केली तरी हाती फार काही लागत नाही, आणि ती वाढही पहिल्या तासाभरातली होती.

पिपेरिन हे साधते कसे, तर यकृताच्या त्या नाक्यावरचे काम मंदावून. पण त्या नाक्यावरून फक्त कर्क्युमिन जात नाही. फिटची फेनिटॉइन, रक्तदाबाची प्रोप्रॅनोलॉल, दम्याची थिओफिलिन या औषधांचे रक्तातले प्रमाण पिपेरिनमुळे वाढल्याचे अभ्यास आहेत. डॉक्टरने मोजून दिलेली गोळी मग न मोजलेली होऊन बसते. भाजीत टाकलेल्या मिरपुडीने असे होण्याचे भय नाही. इथे आपण कॅप्सूलमध्ये वेगळा काढून भरलेल्या पिपेरिनबद्दल बोलतो आहोत.

मग एवढे शोधनिबंध कशाचे?

तुम्ही विचारले नाही, पण विचाराल असे दिसते. कर्क्युमिनने कर्करोगाच्या पेशी मारल्या, सूज उतरवली, जंतू मारले असे हजारो निबंध आहेत. ते सगळे खोटे नाहीत. पण त्यांतले बहुतेक काचेच्या बशीतले आहेत, आणि बशीत कर्क्युमिन जेवढे ओतता येते तेवढे रक्तात कधी पोचत नाही.

दुसरी गोम अधिक मजेशीर आहे. औषधाचा परिणाम झाला की नाही हे अनेक चाचण्यांत रंगावरून किंवा चमकेवरून ओळखतात. कर्क्युमिन स्वतःच रंगीत आहे आणि विशिष्ट प्रकाशात चमकतेही. शिवाय ते धातूंना धरून ठेवते, भेटेल त्या प्रथिनाला चिकटते, पेशींच्या आवरणात गडबड करते. म्हणजे कोणतीही चाचणी घ्या, काहीतरी परिणाम ‘दिसतोच’. औषध-रसायनशास्त्रात अशा चकवा देणाऱ्या संयुगांची एक वेगळी यादीच असते आणि कर्क्युमिन त्या यादीतले ठळक नाव आहे. अमेरिकेतल्या काही रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये सगळा पुरावा एकत्र तपासला. १२० पेक्षा जास्त मानवी चाचण्या होऊनही पक्के यश मिळालेले नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यातच ह्यूस्टनच्या एका मोठ्या कर्करोग केंद्रात काम केलेल्या आणि कर्क्युमिनवर विपुल लिहिणाऱ्या एका संशोधकाचे वीसहून अधिक निबंध नियतकालिकांना मागे घ्यावे लागले. त्या निबंधांवर विसंबून पुढे काम करणाऱ्यांचे किती श्रम वाया गेले असतील त्याचा हिशेब कोण देणार?

याचा अर्थ हळद निरुपयोगी, असा कोणी काढला तर तीही घाईच. कर्क्युमिन शोषले जात नाही, पण जिथे शोषण्याची गरजच नाही तिथे ते थेट पोचते, म्हणजे आतड्यात. जपानमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आतड्याला व्रण पडण्याच्या जुनाट आजाराचे ८९ रुग्ण होते. नेहमीच्या औषधाबरोबर रोज दोन ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्यांत सहा महिन्यांत दुखणे उलटले ते सुमारे पाच टक्क्यांचे. नुसत्या नेहमीच्या औषधावर असलेल्यांत हे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास होते. मात्र दिल्लीच्या एम्समध्ये त्याच आजारावर रोज ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिले, तेव्हा फायदा दिसला नाही. मात्रा कमी पडली असावी. थायलंडमध्ये २०२३ साली अपचनाच्या रुग्णांत कर्क्युमिन हे आम्लपित्ताच्या ओमेप्राझोल या गोळीच्या बरोबरीचे ठरले.

तुमच्या गुडघ्यांसाठीही थायलंडचाच दाखला आहे. तिथे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुडघ्याच्या संधिवाताचे ३६७ रुग्ण होते. निम्म्यांना रोज १,५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क आणि निम्म्यांना १,२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिले. चार आठवड्यांनी दुखणे कमी होण्यात हळद मागे पडली नाही आणि पोटाच्या तक्रारी हळदीच्या गटात कमी आढळल्या. चांगला अभ्यास आहे. पण तो चार आठवड्यांचा आहे, आणि गुडघे तुम्हाला पुढची वीस वर्षे वापरायचे आहेत.

फेरफार कशाला?

आता तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर जवळजवळ आपोआप मिळते. रेणू चांगला असेल, पण तो विरघळत नाही, टिकत नाही आणि यकृत त्याला ठरू देत नाही. यावर दोन वाटा आहेत.

पहिली वाट रेणू तसाच ठेवून त्याचे वाहन बदलण्याची. सोयाबीनच्या लेसिथिनमध्ये गुंडाळणे, अतिसूक्ष्म कण करणे, चरबीच्या बारीक पिशव्यांत भरणे असे प्रकार चालू आहेत. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात अशा सूक्ष्म कणांचे कर्क्युमिन ४० प्रौढांवर दीड वर्ष आजमावले गेले आणि ते घेणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. उत्साहवर्धक खरे, पण चाळीस माणसांवरून औषध ठरत नाही. त्याआधी साधे कर्क्युमिन अल्झायमरच्या रुग्णांना देऊन झाले होते, त्यात गुण आला नव्हता.

दुसरी वाट रेणूच बदलण्याची, आणि तुम्ही वाचलेली बातमी बहुधा हिच्याबद्दलची असावी. इथे रसायनशास्त्रज्ञ कर्क्युमिनकडे तयार औषध म्हणून पाहत नाहीत, कच्चा आराखडा म्हणून पाहतात. दुखणे कुठे आहे ते माहीत असल्याने काप कुठे घ्यायचा हेही ठरवता येते. टोकाच्या हायड्रॉक्सिल गटांवर यकृत शिक्का मारते? मग ते गट मिथाइलने बंद करा. असे केलेले डायमिथाइल कर्क्युमिन अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात पुढे आले आणि मुरुमांवरचे मलम म्हणून त्याच्या चाचण्या झाल्या. मधली सात कार्बनची साखळी मोडते? मग ती पाच कार्बनची करा, दोन ऑक्सिजनच्या जागी एकच ठेवा, कड्यांवर फ्लोरीन बसवा. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातले ईएफ-२४ हे संयुग असेच घडले. बशीतल्या कर्करोगाच्या पेशींवर ते कर्क्युमिनपेक्षा कितीतरी कमी मात्रेत काम करते.

असाच लांबचा पल्ला गाठला आहे तो जे-१४७ या संयुगाने. कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत डेव्हिड शूबर्ट आणि पामेला मेहर यांच्या गटाला म्हाताऱ्या मेंदूतल्या चेतापेशी जगवणारे औषध हवे होते. कर्क्युमिन बशीत ते करत होते, पण मेंदूत पोचत नव्हते. त्यांनी आधी मधल्या दोन ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजनचे कडे बसवले. त्यातून सीएनबी-००१ हे अधिक टिकाऊ संयुग मिळाले. मग त्याची एकेक फांदी छाटत, काही नवी जोडत, दर वेळी पेशींवर तपासत ते जे-१४७ पर्यंत आले. हे संयुग पोटातून घेता येते आणि मेंदूत शिरते. उंदरांच्या स्मरणशक्तीवर त्याचा चांगला परिणाम होतो हे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ते पेशीत नेमके कुठे बसते हे २०१८ मध्ये कळले : पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातल्या एटीपी सिंथेज या यंत्रणेवर. पुढच्या वर्षी निरोगी स्वयंसेवकांवर पहिल्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. पहिल्या टप्प्यात फक्त एवढेच पाहतात की औषध माणसाला सोसते का. गुण येतो का, हा प्रश्न त्यानंतरच्या टप्प्यांचा.

जे-१४७ चा रेणू कर्क्युमिनच्या रेणूशेजारी काढून ठेवला तर दोघांचे नाते सांगितल्याशिवाय ओळखू येणार नाही. ते हळदीत नाही, कधी नव्हते. ते पिवळे आहे की नाही यालाही महत्त्व नाही. अशी उदाहरणे औषधशास्त्रात पुष्कळ आहेत. चीनच्या तू यूयू यांनी ज्या वनस्पतीतून मलेरियावरचे आर्टेमिसिनिन काढले, तेही पाण्यात विरघळत नव्हते. त्यात फेरफार करून आर्टेसुनेट केले तेव्हा शिरेतून देता येईल असे औषध हाती आले, आणि आज गंभीर मलेरियाला तेच वापरतात. मूळ वनस्पतीचा यात काही अपमान होत नाही.

‘हळदच तर आहे’ हा गैरसमज

इथे सुरुवातीचे ते वाक्य आठवा. हळद आपण पिढ्यान्‌पिढ्या खात आलो, म्हणून ती सुरक्षित आहे हे आपल्याला ठाऊक. पण ही खात्री भाजीतल्या हळदीपुरती आहे. ९५ टक्क्यांच्या अर्काला ती लागू नाही, शोषण वाढवलेल्या अर्काला त्याहून कमी, आणि जे-१४७ सारख्या नव्या रेणूला तर अजिबात नाही. गंमत अशी की कर्क्युमिन आजवर निरुपद्रवी राहिले त्याचे एक कारण ते शोषले जात नव्हते हेच आहे. शोषण वाढवले की गुणाबरोबर उपद्रवाचीही वाट मोकळी होते.

हे नुसते अनुमान नाही. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या गोळ्या घेणाऱ्यांत काविळीचे रुग्ण आढळले आणि तिथल्या आरोग्य खात्याला इशारा द्यावा लागला. अमेरिकेत यकृताच्या अशा इजांची नोंद ठेवणाऱ्या डॉक्टरांच्या गटाने २०२२ मध्ये दहा रुग्णांची माहिती छापली. त्यांतला एक दगावला. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकप्रकार सापडला, म्हणजे बहुतेकांना काही होत नसले तरी काहींचे यकृत या बाबतीत मुळातच नाजूक असते. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनीही सावध केले.

सर्वांत वाईट प्रकार कॅलिफोर्नियात २०१७ मध्ये झाला. एका निसर्गोपचारकाने एका रुग्णाला कर्क्युमिन थेट शिरेतून दिले आणि तो रुग्ण दगावला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने (एफडीए) तपासले तेव्हा त्या बाटलीत लेबलवर लिहिल्याच्या मानाने कर्क्युमिन अगदीच थोडे निघाले. ते पाण्यात मिसळावे म्हणून एरंडेलापासून केलेले जे रसायन वापरले होते त्यात डायइथिलीन ग्लायकॉलचा अंश होता. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली भेसळीच्या ग्लिसरीनमधून ज्याने रुग्णांचे बळी घेतले, ते हेच रसायन. शुद्धतेचे एवढे कागद का मागतात ते यावरून कळावे.

पेटंटाचे काय?

तुमची आठवण बरोबर आहे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोघा संशोधकांना मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते. संस्कृत ग्रंथ आणि १९५३ च्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला निबंध असे पुरावे पुढे ठेवून संस्थेने त्याला आव्हान दिले, आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ‘हळदीघाटीची लढाई’ म्हणून ती गाजली.

पण जिंकले ते नेमके काय, याबाबत थोडा घोटाळा आहे. जे आधीपासून सर्वांना माहीत आहे ते नवे म्हणून नोंदवता येत नाही, एवढेच त्यातून सिद्ध झाले. जखमेवर हळद दाबणे आपल्या आजीला माहीत होते, म्हणून ते पेटंट टिकले नाही. जे-१४७ आजीला माहीत नव्हते. जगात कोणालाच नव्हते. नवा रेणू घडवणाऱ्याला त्याचे पेटंट मिळते, मग त्याची प्रेरणा हळद असो की कडुनिंब. आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(पी) पारंपरिक ज्ञानाला संरक्षण देते आणि ३(डी) हे जुन्याच पदार्थाला किरकोळ बदलून नवे म्हणू देत नाही. पण खऱ्याखुऱ्या नव्या रेणूला ही कलमे आडवी येत नाहीत, यावीत असेही नाही.

नवी संयुगे घडवण्यामागे रसायनाइतकेच हे पेटंटही एक कारण आहे. नवे औषध मोठ्या चाचण्यांतून पार करायला प्रचंड पैसा लागतो. कर्क्युमिन कोणाच्याच मालकीचे नाही, मग त्यावर एवढा खर्च करून निकाल शेजारच्या कंपनीला फुकट कोण देईल? म्हणून कर्क्युमिनच्या चाचण्या लहान राहतात आणि निर्णायक होत नाहीत. एफडीएनेही आजवर कर्क्युमिनला कोणत्याही रोगावरचे औषध म्हणून मान्यता दिलेली नाही. माझ्या मते हे काम सरकारी पैशातूनच व्हायला हवे, आणि जगातली बहुतांश हळद जिथे पिकते त्या देशाने ते करायला हवे.

कायद्याची सोय आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये आपल्या औषध नियमांत ‘फायटोफार्मास्युटिकल’ असा नवा वर्ग आला. वनस्पतीचा शुद्ध केलेला, प्रमाणित केलेला आणि किमान चार घटक मोजून दाखवलेला अर्क या वर्गात औषध म्हणून मंजूर होऊ शकतो. त्यासाठी सुरक्षिततेच्या आणि गुणाच्या चाचण्या मात्र इतर नव्या औषधांसारख्याच द्याव्या लागतात. तुमच्या हातातली बाटली त्या वर्गातली नाही. ती अमेरिकेत पूरक आहार म्हणून विकली जाते आणि तिथे तिला विक्रीपूर्वी गुण सिद्ध करावा लागत नाही. डॉक्टर चिठ्ठीवर ते का लिहीत नाहीत, याचे सर्वांत सरळ उत्तर हे.

तेव्हा हळद-दूध खुशाल चालू ठेवा. कॅप्सूल घेऊन पाहायची असेल तर बाटली घेऊन एकदा डॉक्टरांकडे जा. रक्त पातळ करणारी किंवा फिटची गोळी चालू असेल, पित्ताशयात खडे असतील, पूर्वी कावीळ झाली असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर त्यांनी हो म्हटल्याशिवाय झाकण उघडू नका. आणि सुरू केल्यानंतर लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अन्नावरची वासना उडाली, तर तो हळदीचा रंग समजू नका. गोळ्या त्याच दिवशी बंद करून यकृताची रक्ततपासणी करून घ्या.